डॉकी: मेव्ह बिन्चीच्या गावी एक दिवस

गावाच्या नावात ‘एल’ लिहितात, पण म्हणतात ‘डॉकी’. मी ‘डल्की’ म्हणाले आणि तिकीट खिडकीवरचा माणूस गोंधळला. डब्लिनच्या पिअर्स स्टेशनवरून ब्रे किंवा ग्रेस्टोन्सकडे जाणारी डार्ट, म्हणजे तिथली लोकल, पकडली की साधारण अर्ध्या तासात गाव येतं. डावीकडची खिडकी धरा. मधल्या टप्प्यात रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. लीप कार्ड, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, उतरतानाही यंत्राला टेकवायचं असतं. मी विसरले, भुर्दंड भरला.

आयरिश कादंबरीकार मेव्ह बिन्ची इथलीच. आधी शाळेत शिकवायची. सुट्टीत इस्रायलमधल्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीवर, काम करायला गेली आणि तिथून घरी लांबलचक पत्रं लिहू लागली. आईवडिलांना ती पत्रं इतकी आवडली की त्यांनी ती परस्पर वर्तमानपत्राला पाठवली. मानधन आलं ते शिक्षिकेच्या आठवड्याच्या पगारापेक्षा जास्त! मग काय, बाई १९६८ मध्ये ‘आयरिश टाइम्स’मध्ये महिला पानाची संपादक झाली. पुढे लंडनहून लिहू लागली. १९७३ मधल्या ब्रिटनच्या राजकन्या ॲनच्या लग्नाचा तिने लिहिलेला वृत्तांत इतका तिरकस होता की वाचकांच्या संतापाच्या पत्रांचा ढीग पडला. पहिली कादंबरी ‘लाइट अ पेनी कँडल’ पाच प्रकाशकांनी परत केली होती. १९८२ मध्ये ती आली आणि धो धो खपली. माझ्या मते तिच्या कादंबऱ्यांचं खरं बळ बातमीदारीत आहे. बसमध्ये, रांगेत, हॉटेलात शेजारच्यांचं बोलणं ती बिनदिक्कत ऐकायची, आणि लिहायचीही बोलल्यासारखंच.

म्हणून डॉकीत स्मारकं शोधत फिरू नका. कॅसल स्ट्रीटवरचा जुना किल्ला जरूर पाहा, आत गावाच्या लेखकांचं दालन आहे. मात्र तो रोज उघडा नसतो, वार आणि वेळ निघण्याआधी बघून घ्या. तिच्यावरची मार्गदर्शित फेरीही ठरावीक हंगामातच असते. किल्ल्यासमोरच्या चर्चमध्ये ऑगस्ट २०१२ मध्ये तिला अखेरचा निरोप दिला गेला. मी आत पाच मिनिटं टेकले, एवढंच.

जास्त वेळ ठेवा तो स्टेशनजवळच्या ‘फिनेगन्स’ पबसाठी. ती आणि नवरा गॉर्डन स्नेल इथे नेहमी जेवायला यायचे. दारू घ्यायलाच हवी असं नाही; सूप आणि तपकिरी पाव मागा. शाकाहारी असाल तर सूपचा रस्सा मांसाच्या हाडांचा नाही ना, हे विचारूनच घ्या. नुसत्या ‘व्हेजिटेबल’ नावावर विसंबू नका. दुपारी एकच्या आधी गेलात तर कोपऱ्यात जागा मिळेल. मागच्या टेबलावर दोन आजीबाई कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. मी वही काढली, मग लाजून परत ठेवली.

संध्याकाळी कोलीमोर बंदरापर्यंत चालत जा. समोर डॉकी बेट, त्यावर मार्टेलो बुरूज (किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेला जुना गोल बुरूज) आणि पडकं चर्च. उन्हाळ्यात होड्या जातात, पण हवा बिघडली की नाही. उन्हाळा असला तरी वाऱ्यासाठी जाकीट हवंच. छत्री मात्र खोलीवर ठेवा, तिथल्या वाऱ्यापुढे तिची काडी काडी होते.