पिंजऱ्याच्या अर्जावर मी सही का करत नाही

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पुणे जिल्ह्यातल्या या चार तालुक्यांत कुठेही बिबट्याबद्दल बोलायला गेलो की शेवटी कुणीतरी उठतं आणि विचारतं, "सर, तुम्ही पिंजरा लावू नका म्हणता. तुमच्या घरातलं लेकरू गेलं असतं तर?" सभेत या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते अपुरं पडतं. गेल्या आठवड्यात एका सभेत तोच प्रश्न आला, तेव्हाही असंच झालं. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विहिरीत पडलेल्या बिबट्याला वर काढायला बऱ्याचदा पिंजराच सोडावा लागतो. माणसावर हल्ला केलेलं जनावर, तेच आहे अशी खात्री पटली असेल तर, पकडलंच पाहिजे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. त्या आईबापांच्या दारात उभं राहून "पिंजरा नको" म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. माझा विरोध वेगळ्या पिंजऱ्याला आहे. कुणाचं तरी कुत्रं जातं, नाहीतर मोबाइलवर बांधावर बसलेल्या बिबट्याचा व्हिडिओ फिरतो. दुसऱ्या दिवशी पन्नास सह्यांचा अर्ज जातो, आणि आत शेळी बांधलेला पिंजरा उसाच्या कडेला येऊन बसतो. त्या पिंजऱ्याला.

असा एक पिंजरा आमच्याच मळ्यात लागला होता. 2002 ची दिवाळी नुकतीच झाली होती. आमचा कुत्रा मोती रात्री ओट्यावरून गेला. अर्जावर वडिलांची सही होती आणि अर्ज लिहिला होता मी, कारण गावात माझं अक्षर बरं समजलं जायचं. माणसाला ओरखडासुद्धा उठला नव्हता, तरी मी "नरभक्षक" असा शब्द लिहिला. त्याशिवाय कुणी लक्ष देणार नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

तिसऱ्या रात्री दार पडल्याचा आवाज आला. सकाळी सात वाजेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं, शाळेची पोरं दप्तरं घेऊन तिथेच. आतल्या जनावराने रात्रभर गजांवर डोकं आपटलं होतं. कपाळ सोललेलं, वरचा एक सुळा मुळापाशी तुटलेला. बिबट्याचा सुळा परत येत नाही. सुळ्याशिवाय त्याला शिकार धरणं अवघड जातं. हे मला पुढे कळलं, तेव्हा मी फक्त रक्त बघत होतो. आई पाण्याची बादली घेऊन आली, गर्दीतून वाट काढत पुढे गेली, वाकली आणि म्हणाली, "अरे, लेकुरवाळी आहे ही. सड बघा तिचे."

तोवर टेम्पो आला होता. मादीला घेऊन गेले. पाच दिवसांनी शेजारच्या फडात ऊसतोड सुरू असताना कामगारांना दोन बछडी सापडली. एक मेलेलं होतं. दुसरं ओरडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. आई कुठे नेली, हे विचारायचं कुणाला, ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात त्याच ओढ्याला एक तरुण नर आला आणि त्याने तीन वस्त्यांवरच्या शेळ्या नेल्या. ती मादी होती तोवर दोन वर्षांत आमचा एकच कुत्रा गेला होता.

पिंजरा कोणता बिबट्या पकडतो? जो भुकेला असून आधी येतो, तो. ज्याने काही केलं, तोच आत येईल याची कसलीही हमी नसते. एक नेला की त्याची हद्द मोकळी होते. मोकळी हद्द फार दिवस रिकामी राहत नाही, आणि नव्याने येणारा बहुधा कोवळा, वाटा न ओळखणारा, अंदाज न आलेला असतो.

हे मी केवळ आमच्या मळ्यावरून सांगत नाही. जुन्नर वनविभागात फेब्रुवारी 2001 पासून बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाली. हेतू चांगलाच होता. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. मोहिमेनंतर, 2003 पर्यंतच्या काळात, ते 17 वर गेले. जीव घेणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. अनोळखी मुलखात सोडलेलं, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीने सैरभैर झालेलं जनावर काय करेल, याचा विचार आपण कुणीच केला नव्हता. आमचा अर्ज त्याच काळातला आहे. ते आकडे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि दूर नेऊन सोडलं तरी तो तिथेच राहील असं नसतं. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडलं होतं. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. रेल्वेचे रूळ, खाडी, वस्त्या ओलांडून गेला आणि वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 मध्ये महामार्गावर गाडीखाली गेला.

तुम्ही म्हणाल, मग यांना जंगलातच राहू द्या ना. आता जंगल कुठलं म्हणायचं? धरणं झाली, कालवे आले आणि डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत ऊस झाला. आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो. बछडीही साधारण तेवढेच दिवस आईबरोबर असतात. सावली, पाणी, आडोसा, सगळं तिथेच. आज या भागात उसात जन्मलेले बिबटे आहेत, त्यांच्या आयाही उसातच जन्मल्या. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात अभ्यास झाला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा. तिथे 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 प्रौढ बिबटे होते, माणसांची वस्ती दाट होती, आणि तरी त्या भागात त्यांनी माणूस मारलेला नव्हता. आमच्या आजीच्या पिढीला याचं नवल वाटलं नसतं. ओढ्याकाठच्या वाघोबा देवाला नारळ देऊन ती रात्री बिनबोभाट मळ्यात जायची, पण काठी आपटत, मोठ्याने बोलत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1972 च्या कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि माणसाच्या जिवाला धोका असल्याशिवाय, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जायबंदी वा आजारी असल्याशिवाय, त्याला पकडण्याची परवानगी देता येत नाही. नुसतं दिसणं हे कारण होत नाही. केंद्राच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनाही पकडणं हा शेवटचा उपाय मानतात. पण पन्नास माणसं रस्ता अडवून बसली की अधिकाऱ्याला पिंजरा हेच एक दाखवण्यासारखं काम उरतं. त्याच्यावर मी राग धरत नाही. मागणी आपली असते.

आता लेकराचा प्रश्न. माझ्या घरातलं गेलं असतं तर मीही बहुधा पिंजराच मागितला असता, बंदूकही मागितली असती. ते नाकारणं खोटं होईल. पण लेकरं जातात कुठे, कधी, हे बघा. संध्याकाळी, फडाला लागून असलेल्या कोपीच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीच्या, दारात. अंधारात परसाकडे जाताना. अंगणाला चिकटून ऊस असलेल्या वस्तीवर, दिवा नसताना. रात्रीची वीज आली म्हणून बाप दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेला असतो आणि पोर त्याच्यामागे निघतं. बसलेलं, वाकलेलं मूल बिबट्याला माणूस वाटत नाही. पिंजऱ्यात एक बिबट्या गेला तरी यातलं काहीच बदलत नाही. उलट आपण निर्धास्त होतो, आणि मला सगळ्यांत भीती त्याचीच वाटते. दिवसा वीज, घरापासून चार सऱ्या मोकळ्या, कोप्यांना उजेड आणि जाळी, यासाठी पन्नास सह्या घेऊन कुणी आलं तर माझी सही पहिली असेल.

आमच्या गावात एक गोष्ट बदलली आहे. तोडणीत बछडी सापडली की आता तोडणी थांबते. बछडी क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, माणसं लांब जातात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. दरवर्षी हे होतं. मोबाइलवर त्याचेही व्हिडिओ फिरतात.

या जानेवारीत शेजारच्या वस्तीवरचा पोरगा पिंजऱ्याचा अर्ज घेऊन आला. शेळी गेली होती. सही न करता मी त्याच्याबरोबर गोठ्यावर गेलो. तीन बाजूंना भिंत, चौथीला साडी बांधलेली. आमच्या गोठ्याचं जाळीचं दार त्याला नेऊन दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माप लिहून घेतलं: साडेचार बाय सहा.