रातांबे, थकवा आणि जाऊबाई

आज वेंगुर्ल्याच्या घरी आम्ही साऱ्या जावा पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडायला बसलो होतो. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, होऊन ८ वर्षे झाली; सध्या सूज आटोक्यात आहे, रक्ताचा अहवालही चांगला आला आहे, तरीही अर्ध्या टोपलीनंतर अंग असे गळून गेले की मला आत जाऊन आडवे व्हावे लागले. "दिसतेस तर चांगली," असे कोणीतरी सहज म्हणाले, आणि त्या शब्दांनी मला कामापेक्षा अधिक दमवले.

या थकव्याचे मूळ केवळ दाहात नसते, हे मला फार उशिरा कळले. दुखण्याने मोडलेली झोप, खिन्नता, आपल्या हातून आता काही होणार नाही ही धास्ती आणि घरच्यांचा अविश्वास हे सारे त्यात मिसळलेले असते, म्हणूनच सूज उतरली तरी तो मागे उरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील ७ रुग्णालयांतल्या एका चाचणीत, विचार आणि सवयी बदलण्याचे गटात दिलेले प्रशिक्षण घेतलेल्या रुग्णांना थकव्याचा जाच कमी जाणवला आणि तो फरक २ वर्षे टिकला. असे गट आपल्या तालुक्याच्या गावी का असू नयेत?

संध्याकाळी थोरल्या जाऊबाई चहा घेऊन आल्या. "उद्या फोडायचे आम्ही बघतो, तू सालींना रस लावायला बस, आणि दमलीस की ऊठ," असे त्या म्हणाल्या. मी बराच वेळ त्यांचा हात धरून बसले होते.