इन्फर्नो बी: ‘स्मोक संपला’ या दोन शब्दांनी घालवलेली मॅच

काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेममध्ये इन्फर्नो नावाचा मॅप आहे, आणि त्यावर ए आणि बी अशा बॉम्ब लावायच्या दोन साइट. तिथल्या रविवारच्या स्क्रिममध्ये (सरावाच्या मॅचमध्ये) टी, म्हणजे बॉम्ब लावणाऱ्या, बाजूनं ७-५ अशी आघाडी काढली, मग सीटीला, म्हणजे साइट राखायला, आलो आणि ११-१३ नं हरलो. इन्फर्नोवर टीकडून सात राउंड निघतात आणि जिंकायला लागणारे उरलेले सहा सीटीकडून निघत नाहीत, हे काही केल्या पचत नव्हतं. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर डेमो (मॅचचं रेकॉर्डिंग) उघडला, तो पहाटे अडीचला बंद केला. पण उठलो तो खूश होऊन. गेल्या तीन नोंदींत मी ‘केळं गळतंय, केळं गळतंय’ म्हणून रडत होतो; केळं म्हणजे ‘बॅनाना’, टीची बी साइटकडे येणारी वाट. ते नेमकं कुठून गळतंय ते सापडलं.

आधी हिशेब. सीटीला आठ राउंड गेले, त्यातले सहा बीवर. त्या सहापैकी पाच राउंडमध्ये टी साइटवर घुसले तेव्हा घड्याळात ३५ सेकंदांहून कमी उरले होते. आणि त्या पाचही वेळा आमच्या दोन्ही बीवाल्यांच्या हातात एकही ग्रेनेड नव्हता. डोळे दिपवणारा फ्लॅशसुद्धा नाही.

इतके दिवस मी अँकरच्या, म्हणजे बी साइट शेवटपर्यंत धरून बसणाऱ्याच्या, मागे लागलो होतो, की तू कॉफिनमधून (साइटवरच्या शवपेट्यांमागून) फार लवकर डोकावतोस, क्रॉसहेअर (नेमाची खूण) खाली असतो, वगैरे. त्याचा नेम काही वाईट नाही. रिकाम्या हातानं तिघांसमोर उभं राहिल्यावर कुणीही मरेल. मागच्या नोंदीत त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी मागे घेतो. चूक माझ्या कॉलची होती.

गणित साधं आहे. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, म्हणजे ११५ सेकंद. एक स्मोक (धुराचा ग्रेनेड) साधारण १८ सेकंद टिकतो. बीवर दोन माणसं, एकेकाकडे एकच स्मोक, म्हणजे ३६ सेकंद. उरलेल्या ७९ सेकंदांत केळं उघडं असणारच. आम्ही काय करत होतो? पहिल्या पंचवीस सेकंदांत केळ्यातल्या हाफ-वॉलकडे मॉली (आगीचा ग्रेनेड), लॉग्जवर एचई (स्फोटाचा ग्रेनेड), वर स्मोक, लगेच दुसरा स्मोक. केळं आमचं झालं म्हणून खूश. समोरची टीम एक फ्लॅश टाकायची, दोन गोळ्या मारायची, मागे सरकायची आणि स्वस्थ बसायची. आमची पिशवी रिकामी झाली की शेवटच्या चाळीस सेकंदांत चालत यायची. बॉम्ब लावायला तीन सेकंदांच्या वर थोडाच वेळ लागतो, त्यामुळे त्यांना घाई कधीच नव्हती.

आता तो बाविसावा राउंड. आम्ही ११-१० नं पुढे, पाचही जणांकडे रायफल. मी आर्चला, ऑपर (स्नायपरवाला) लायब्ररीत, एक जण पिटला, म्हणजे तिघंही बीपासून दूर. घड्याळ ०:४२. अँकर ओरडला, “स्मोक संपला!” मी म्हणालो, “ठीक, दुसरा टाक,” आणि मिडकडे (मॅपच्या मधल्या भागाकडे) बघत राहिलो. चार-पाच सेकंदांत कॉफिनवर मॉली, आमच्या सीटीकडून येणाऱ्या वाटेवर त्यांचा स्मोक आणि तिघं साइटवर. मी सीटीच्या स्मोकमधून आंधळ्यासारखा पोचलो तेव्हा बॉम्ब लागला होता. तो राउंड गेला, पैसे गेले, पुढच्याला फोर्स बाय (अपुऱ्या पैशांत खरेदी), आणि तिथून एकही राउंड आला नाही.

आम्ही डिस्कॉर्डवरचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो. ते डेमोबरोबर लावून तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐकला. सहाव्या-सातव्यांदा डोक्यात प्रकाश पडला. अँकरला म्हणायचं होतं, ‘माझ्याकडे आता स्मोक उरला नाही.’ मी ऐकलं, ‘केळ्यातला स्मोक विरून गेला.’ मराठीत दोन्हीला आपण ‘संपला’च म्हणतो! तो मला मदतीला बोलावत होता आणि मी त्याला नसलेली वस्तू फेकायला सांगत होतो. मग जुनी रेकॉर्डिंग काढली. निदान तीन स्क्रिममध्ये हाच घोळ सापडला, आणि प्रत्येक वेळी आम्ही त्याचं खापर रोटेशनवर (एका साइटवरून दुसरीकडे मदतीला जाण्यावर) फोडलं होतं.

बुधवारी सगळ्यांना ते ऐकवलं. अँकर चिपळूणचा आहे. तो म्हणाला, “आमच्याकडे धूर विरतो, संपत नाही.” तिथल्या तिथे ठरलं: हवेतला स्मोक गेला की ‘विरला’, हातातला गेला की ‘रिता’. ‘संपला’ या शब्दावर टीममध्ये बंदी. ‘रिता’ ऐकू आलं की आर्चवाल्यानं, म्हणजे मी, काही न विचारता बीकडे निघायचं. शेवटचा स्मोक हवेत असतानाच हा कॉल द्यायचा, म्हणजे तो विरायच्या आत मी साइटवर असतो. दोन तास फक्त हेच घोकलं. शेवटच्या अर्ध्या तासात अँकरनं “रिता” म्हटलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत माझे पाय हलले होते. इतक्या महिन्यांत असं समाधान मिळालं नव्हतं.

आता ग्रेनेडची वाटणी. सध्याचा नियम असा: अँकरचा स्मोक पहिल्या मिनिटात वापरायला मोकळा, पण पावलांचा आवाज आल्यावरच. त्याच्या जोडीदाराचा स्मोक आणि एक मॉली ०:४० पर्यंत कुलपात. सुरुवातीला केळं सोडावं लागलं तरी चालेल, कारच्या मागे येऊन साइटवरून धरायचं. याला जोडीदाराचा फार विरोध होता. त्याचं म्हणणं, केळं सोडलं की टीला दोन्हीकडे खेळायची मोकळीक मिळते. मुद्दा बरोबर आहे. म्हणून प्रत्येक राउंडला सोडायचं नाही. तीनातून एकदा पूर्ण ताकदीनं घ्यायचं, तेही ऑपरला घेऊन.

नुसत्या स्मोकवर विसंबता येत नाही हेही लक्षात ठेवा. सीएस २ मध्ये समोरच्यानं आत एचई टाकला की क्षणभर भोक पडतं आणि त्या भोकातून आपला माणूस दिसतो. म्हणून स्मोक टाकणारा वेगळा आणि त्या भोकावर नेम धरून बसणारा वेगळा. त्या दुसऱ्याच्या हातात एम४ए१-एस ही सायलेन्सरची रायफलच हवी. स्मोकमधून मारताना तिच्या गोळ्यांची रेघ समोरच्याला दिसत नाही. सीटीच्या दुसऱ्या रायफलमध्ये, एम४ए४मध्ये, ३० गोळ्या आणि हिच्यात २०, हे मान्य, पण केळ्यापुरता माझा कौल ए१-एसलाच.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. एका माणसाला एकाच वेळी एकच स्मोक बाळगता येतो, पण जमिनीवर पडलेला स्मोक उचलता येतो की! मी आर्चला जाता जाता माझा स्मोक बीच्या सीटीकडल्या तोंडाशी, भिंतीलगत टाकून जायचा. अँकर स्वतःचा वापरून मागे येईल तेव्हा तो उचलेल. म्हणजे बीवर दोनाचे तीन स्मोक झाले, ५४ सेकंद. खर्च ३०० डॉलर, आणि मी आर्चला स्मोकशिवाय. मग कुलपाचा नियमही सैल करता येईल: जोडीदाराचा मोकळा आणि जमिनीवरचा राखीव. जोडीदाराचं भांडणही त्यातून मिटतं. आत्ताच ग्रुपवर टाकलं, ऑपरचा लगेच अंगठा आला. भीती एकच, गडबडीत अँकर उचलायला विसरेल किंवा बी गेल्यावर तो स्मोक टीच्या हाती लागेल. तरी करून बघणार. वर लिहिलेली वाटणी त्यामुळे कच्ची समजा.

टी बाजूचं थोडक्यात. आपली कमजोरी कळली की समोरच्याचीही दिसायला लागते. आतापर्यंत आम्ही कारवर मॉली, वरून फ्लॅश आणि पाच जण धावत असं करायचो. आता दोघंच जाऊन आवाज करणार, त्यांचा पहिला स्मोक काढून घेणार आणि अठरा सेकंद मोजत थांबणार. तो विरला की पुन्हा एक फ्लॅश. दुसराही आला, तर आमचे तिघं तोवर सेकंड मिडमध्ये (मधल्या दुसऱ्या वाटेत) असतील आणि ए की बी हे तिथून ठरेल. बुधवारी पाच वेळा करून पाहिलं, तीनदा जमलं. दोनदा मीच मोजण्यात घाई केली.

सामानाबद्दल दोन ओळी, कारण मागच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी त्याबद्दल विचारलं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात कापडी माउसपॅड दमट होतो आणि माउस अडकल्यासारखा चालतो. अँकर खेळायच्या आधी पॅड पंख्याखाली वाळवतो. त्यानं काचेचा पॅड मागवलाय, आल्यावर त्याचा अनुभव कळवतो. लाइनअपसाठी (ग्रेनेड ठरलेल्या जागी पाडायच्या सरावासाठी) लोकल सर्व्हर, अमर्याद ग्रेनेड आणि शेवटचा ग्रेनेड पुन्हा फेकायची कमांड एवढं पुरतं. पैसे देऊन घ्यायच्या सरावाच्या ॲपची आम्हाला तरी गरज पडली नाही. माझ्या इंटरनेटवाल्याकडे तिसऱ्यांदा तक्रार केलीय. रविवारी शेवटच्या दोन राउंडला मुंबई सर्व्हरवरचा पिंग दीडशेच्या वर गेला होता.

सगळ्यांना गृहपाठ दिलाय: २०२४ च्या कोपनहेगन मेजरच्या (सीएस २ च्या मोठ्या स्पर्धेच्या) फायनलचा तिसरा मॅप, इन्फर्नो, जिथे नावी टीमनं फेझ टीमला १३-३ नं हरवलं. फ्रॅग (कुणी कुणाला मारलं) बघायचे नाहीत. बीवरचा प्रत्येक ग्रेनेड घड्याळात किती असताना सुटतो, एवढंच कागदावर लिहून आणायचं. अँकरनं दोन पानं पाठवलीसुद्धा. बाकीच्यांची आली की त्याचा तक्ता करून पुढच्या नोंदीत टाकतो.

गुरुवारी रात्री साडेनऊला त्याच टीमशी पुन्हा इन्फर्नो आहे. जमिनीवरचा स्मोक पहिल्या राउंडला नाही, पहिल्या फुल बायला (पूर्ण खरेदीच्या राउंडला) वापरणार. तुमच्यापैकी कुणी तो कॉफिनजवळ ठेवत असाल तर नेमका कुठे, ते सांगा. सीटीच्या तोंडाशी ठेवला तर रीटेकच्या (गेलेली साइट परत घ्यायच्या) वेळी आमच्याही पायात येईल की काय, ही शंका आत्ताच ऑपरनं काढलीय, आणि त्याला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.