तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिएन्नात उतरल्यावर आधी काय करायचं?

उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कुणाचे आईवडील लेकीकडे येणार असतात, कुणी युरोपची सहल इथून सुरू करणार असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी वार बघा.

रविवारी इथली दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी ६ वाजता शटर खाली गेलं की ते सोमवारी सकाळीच वर. माझे आईबाबा पहिल्यांदा आले तो नेमका रविवार. मी कामासाठी बाहेरगावी होते, संध्याकाळी पोचणार होते. घरात साखर होती, चहाची पावडर होती, दूध तेवढं नव्हतं. रात्रभर प्रवास करून आलेले बाबा कोऱ्या चहाचा कप पुढ्यात घेऊन बसून राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण आईने तो कप तसाच भरलेला दाखवला, तेव्हा फार वाईट वाटलं.

विमानतळावर आगमनाच्या बाजूचं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. दूध आणि पाव तिथूनच घ्या. खोक्यावर 'फोलमिल्ख', म्हणजे साय न काढलेलं दूध, असं लिहिलेलं बघा. 'बुटरमिल्ख' म्हणजे ताक, चहात ओतलं की नासलाच.

पाण्याची बाटली मात्र घेऊ नका. इथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ साली सुरू झाली, आणि डोंगरातलं पाणी आजही उताराच्या जोरावर शहरात पोचतं. बाटलीतलं पाणी बऱ्याचदा सोड्यासारखं फसफसतं, वयस्कर माणसांच्या घशाखाली ते उतरत नाही.

शहरात यायला हिरवी सिटी एअरपोर्ट ट्रेन १६ मिनिटं घेते, पण ती महाग आहे आणि तिचं साधं तिकीट पुढे मेट्रोत चालत नाही. त्यापेक्षा साधं तिकीट काढून एस७ लोकल घ्या, किंवा सामान जड असेल तर रेलजेट या वेगवान गाडीने थेट हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला उतरा. विमानतळ शहराच्या तिकीट-हद्दीबाहेर आहे, त्यामुळे नुसता व्हिएन्नाचा पास पुरत नाही. स्टेशनवर तिकीट तपासणारं फाटक नसतं, कुणी अडवत नाही, पण साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात असू शकतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल तर निळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या.

आणि पत्ता कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. रस्त्याच्या नावापुढे १२/३/१४ असं असेल तर १२ हा इमारतीचा नंबर, ३ हा जिन्याचा आणि १४ दाराचा. बाबांना हे माहीत नव्हतं, ते सामान घेऊन १४ नंबरच्या इमारतीपाशी उभे होते. खालच्या दाराशी बेलांची पाटी असते, तिच्यावर जिना आणि दार शोधून बटण दाबायचं.