मोटरच्या टायमरमधलं घड्याळ नीट चालवताना: माझा अनुभव

रात्रीच्या थ्री फेजच्या आठवड्यात संत्र्याच्या ओलिताची मोटर ठरल्या वेळी सुरू व्हावी, म्हणून ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर (चिप एसटीएम३२एफ१०३) टायमर बांधला. या चिपमधलं घड्याळ म्हणजे नुसता ३२ बिटांचा काउंटर. तारीख, तास, मिनिटं काही नाही. दर सेकंदाला आकडा एकाने वाढतो, बाकीचा हिशेब प्रोग्रामचा. घोळ असतो तो हा सेकंद येतो कुठून, यात.

आधी चिपच्या आतलाच एलएसआय ऑसिलेटर (ठोके देणारं सर्किट) घेतला. नावाला ४० किलोहर्ट्झ, पण डेटाशीट ३० ते ६० ची मुभा देतं. ५ टक्के चुकला तरी दिवसाला ७२ मिनिटं. वर लाइन गेली की व्हीबॅटला (घड्याळाच्या सेलची पिन) सेल असूनही तो थांबतो. आपल्याकडे लाइन जाणारच, तेव्हा तो बाद.

मग ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. हा आकडा २ चा १५ वा घात. प्रीस्केलरमध्ये (किती ठोक्यांचा एक सेकंद, हे ठरवणारा भाग) ३२७६७ टाकलं (मोजणी शून्यापासून) की बरोबर १ सेकंद. प्रोग्राम बदलला, तरी घड्याळ जुन्याच चालीने. कारण घड्याळाचा स्रोत एकदा निवडला की बॅकअप भाग (चिपमधला सेलवर चालणारा भाग) रीसेट केल्याशिवाय बदलत नाही, आणि सेल लावलेला असल्याने तो भाग जिवंतच होता. तो रीसेट करणारा बीडीआरएसटी बिट एकदा १ करून परत ० केला, तेव्हा सुटलं. मात्र हे प्रत्येक वेळी सुरू होताना करायचं नाही, वेळ पुसली जाते. बॅकअप रजिस्टरमध्ये खुणेचा आकडा ठेवायचा. तो दिसला तर घड्याळाला हात लावायचा नाही. क्रिस्टल सुरू व्हायला दोन-तीन सेकंदही घेतो, १०० मिलिसेकंदांत 'मेला' ठरवू नका.

क्रिस्टल बदलायची वेळ आली तर १२.५ पिकोफॅरड लोडचा घेऊ नका, या चिपला तो चालत नाही. ६ चा घ्या, दोन्ही बाजूंना ८-८ पिकोफॅरडचे कपॅसिटर: सिरीजमध्ये असल्याने दोन्ही मिळून ४, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांचे साधारण २, झाले ६. पीसी१४ आणि पीसी१५ या क्रिस्टलच्या पिना, त्यांना हेडर पिना जोडू नका. सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून वार्निश मारा. पावसाळ्यात त्याच चिकट थरातून गळती होऊन क्रिस्टल बंद पडतो.

चाल जुळवायला मोबाइलची वेळ पुरते. १० दिवसांत १२ सेकंद पुढे म्हणजे १३.९ पीपीएम (दहा लाखांत १३.९). चिपमधल्या कॅलिब्रेशनची (चाल दुरुस्तीची) एक पायरी ०.९५४ पीपीएमची, म्हणून १५ टाकलं. यात घड्याळ फक्त मंद करता येतं. मागे पडत असेल तर प्रीस्केलर ३२७६६ करून आधी ३०.५ पीपीएमने पळवायचं, मग ओढून धरायचं. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत ६० अंश झाले तर क्रिस्टल दिवसाला साडेतीन सेकंद मागे पडतो. मोटरीला त्याने फरक पडत नाही. त्यासाठी घड्याळाचं वेगळं महागडं मॉड्यूल मी घेतलं नाही.

अलार्मवर मात्र विसंबू नका. अलार्मच्या त्या सेकंदाला लाइन नसेल तर वेळ हुकली. लाइन येताच 'आत्ता रात्री १० ते सकाळी ६ च्या मध्ये आहोत का' एवढंच तपासायचं, मध्यरात्र ओलांडते हे धरून. होय असेल तरी ३ मिनिटं थांबून मगच स्टार्टर ओढायचा, कारण धुऱ्यापलीकडच्या सगळ्या मोटरी त्याच क्षणी उठतात आणि व्होल्टेज बसतं.