श्टुटगार्टच्या हवेचा हिशेब

श्टुटगार्ट म्हणजे गाड्यांचं गाव. पुण्याच्या प्रत्येक वाहन-इंजिनिअरचा एक तरी मित्र इथे असतोच! गाव वसलंय डोंगरांमधल्या खोलगट भागात. हिवाळ्यात वारा पडला की गार हवा तळाशी बसते, वर उबदार थर येतो आणि धूर-धूळ खालीच अडकते. म्हणूनच इथला नेकार्टोर चौक जर्मनीभर बदनाम झाला. २०१६ ते २०२० या काळात अशा दिवसांत सूक्ष्म धुळीचा इशारा निघायचा: गाडी घरी ठेवा, हौसेची फायरप्लेस पेटवू नका.

सरकारी आकड्यांवर विसंबून न राहता इथल्या हौशी मंडळींनी २०१५ मध्ये स्वस्तातलं यंत्र जुळवलं. आमच्याही बाल्कनीत ते आहे. प्लंबरकडचे दोन एल्बो एकमेकांत बसवलेले, आत लेसर सेन्सर आणि वायफायची चिप. पाऊस शिरू नये म्हणून तोंड खाली. चिमुकला पंखा हवा ओढतो, कणांवर लेसर पडून प्रकाश विखुरतो, त्यावरून धूळ किती ते काढतात. दर अडीच मिनिटांनी आकडा थेट नकाशावर. धुक्यात मात्र त्याच्यावर भरवसा नको, पाण्याचे थेंबही ते धुळीतच धरतं. अधिकृत मोजणीची मूळ पद्धत वेगळी: दिवसभर फिल्टरमधून हवा ओढायची आणि फिल्टर प्रयोगशाळेत तोलायचा. आकडा पक्का, पण हाती यायला वेळ लागतो. शिवाय दिवसाला एकच.

सतत मोजण्याची खरी गंमत कळते ३१ डिसेंबरच्या रात्री. बाराच्या ठोक्याला सगळं गाव फटाके उडवतं, अगदी आपली लक्ष्मीपूजनाची रात्र. पीएम १० ची, म्हणजे दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म धुळीची, युरोपातली मर्यादा दिवसाच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम, भारतात १००. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत नव्या वर्षाच्या पहिल्या तासात हजाराच्या आसपास आकडे दिसतात! वारा सुटला तर सकाळपर्यंत सगळं साफ, आणि दिवसाची सरासरी साळसूद. त्या तासात दम्याच्या माणसाचं काय झालं, हे तिच्यावरून कुणाला कळणार?

सध्या ५० ची मर्यादा वर्षात ३५ दिवस ओलांडलेली चालते. २०३० पासून मर्यादा ४५ आणि सूट फक्त १८ दिवसांची. शेजारच्या आजोबांना म्हटलं, वारा नसला तर त्यातला एक दिवस तुमचे फटाकेच खाणार. ते म्हणाले, "मग सतरा उरतात की!"