कुठला माइक घेतलात?

माझे स्क्रीन रेकॉर्ड करून केलेले धडे पाहिले की बरेच जण हाच एक प्रश्न विचारतात: "आवाज इतका स्वच्छ येतो, माइक कुठला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. माइक अगदी साधा, यूएसबीचा आहे. आणि तो आणला त्यानंतरच माझं सगळ्यात वाईट रेकॉर्डिंग झालं.

चाळीस मिनिटांची ऑनलाइन मुलाखत होती. नंतर ऐकतो तर माझे प्रश्न खणखणीत, आणि उत्तरांच्या जागी शुकशुकाट. मधूनमधून मीच "हो का?", "वा!" म्हणतोय. एकटाच.

कारण कॉम्प्युटरमध्ये आवाज दोन असतात. एक आपला, माइकमधून आत येणारा. दुसरा कॉम्प्युटरचा, स्पीकरकडे बाहेर जाणारा: व्हिडिओ, नोटिफिकेशनची टिंग, समोरच्या माणसाचं बोलणं. रेकॉर्डर हा दुसरा आवाज आपणहून पकडेलच असं नाही. मी वापरतो त्या ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये विंडोजवर 'डेस्कटॉप ऑडिओ' चालू असला की काम होतं, लिनक्सवर त्या आवाजाचा 'मॉनिटर' (पडदा नव्हे, बाहेर जाणाऱ्या आवाजाची प्रत) निवडायचा. खरा छळ मॅकवर होता. क्विकटाइमच्या स्क्रीन रेकॉर्डिंगला वर्षानुवर्षं फक्त माइकच ऐकू यायचा. मग ब्लॅकहोलसारखं आभासी साउंड कार्ड बसवायचं, सगळा आवाज तिकडे वळवायचा, आणि आता आपल्याला काहीच का ऐकू येत नाही म्हणून तासभर डोकं खाजवायचं. (मल्टी-आउटपुट डिव्हाइस बनवून आवाज हेडफोनकडेही पाठवावा लागतो.) मॅकओएस 13 पासून ओबीएसला स्क्रीनबरोबर तिचा आवाजही थेट घेता येतो, तेव्हा सुटलो.

दोन्ही आवाज आले की ते वेगळे ठेवा, हे माझं आग्रहाचं सांगणं. ओबीएस एका फाइलमध्ये आवाजाचे सहा ट्रॅक, म्हणजे सहा स्वतंत्र पट्ट्या, ठेवू शकतं. मी पहिल्यावर दोन्हींचं मिश्रण, दुसऱ्यावर फक्त माइक आणि तिसऱ्यावर फक्त कॉम्प्युटर ठेवतो. पहिल्यावर मिश्रण का, तर बहुतेक प्लेअर आपणहून पहिलाच ट्रॅक वाजवतात. मी शिंकलो आणि नेमकं तेव्हाच व्हिडिओतलं महत्त्वाचं वाक्य आलं, तर मिश्रणातून शिंक काढता येत नाही. वेगळ्या ट्रॅकवरून ती सहज कापता येते.

हे वेगळेपण टिकायचं तर हेडफोन हवेतच. स्पीकर चालू ठेवला तर तोच आवाज माइकमध्ये शिरतो आणि सगळं बोलणं दोनदा, विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. हेडफोन वायरचेच बरे. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केला की बहुतेक वेळा जोडणी फोनवर बोलायच्या पद्धतीवर जाते, आणि मगाशी छान वाजणारं संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं होतं. ब्लूटूथच हवा असेल तर त्यात फक्त ऐकायचं, माइक वेगळा.

आता माइक. तो तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवतो, म्हणजे 'प', 'फ' म्हणताना श्वासाचा फटका थेट बसत नाही. अंतर दुप्पट केलं की आपला आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, पण पंख्याची घरघर तेवढीच राहते. त्यामुळे लांबचा महागडा माइक जवळच्या स्वस्त माइकपुढे हरतो. पातळी अशी लावतो, की मोठ्याने बोलतानाही काटा उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला नीट सांधता येत नाही. हळू आलेला नंतर वाढवता येतो, फक्त त्याच्याबरोबर घरघरही वाढते. नॉइज सप्रेशन, म्हणजे घरघर दाबणारा फिल्टर, मी बेतानेच लावतो, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

आणि दर वेळी आधी वीस सेकंदांची चाचणी. "हॅलो, हॅलो, एक, दोन" असं पुटपुटून भागत नाही. धड्यात जसं बोलणार तसंच बोलायचं, एखादा व्हिडिओ वाजवायचा, चार कळा बडवायच्या आणि ती फाइल हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकायची. नुसता हलणारा काटा पाहून समाधान मानू नका. त्या मुलाखतीतही काटा हलत होता, माझ्या माइकचा.

परवाच्या चाचणीत दोन्ही आवाज छान आले, शिवाय तिसराही आला. कुईं कुईं करणारा. मी माइकच्या सगळ्या सेटिंग उलट्यापालट्या केल्या. शेवटी खुर्चीला तेल घातलं.